अण्णांच्या रायफलची पिन

५ जानेवारी

ही म्हणाली, “तेच तेच मला तीनतीनदा सांगण्यापेक्षा कुठेतरी लिहून ठेवा.” म्हणून ही वही. माझा उभा जन्म कारखान्यात लेथवर गेला. टर्नरला मशीनच्या वर आवाज चढवून बोलावं लागतं आणि निवृत्त झालो म्हणून काही ती सवय कारखान्यात जमा करून येता येत नाही. मी तोंड उघडलं की ही रेडिओ लावते. वही निदान रेडिओ लावणार नाही.

तर आज लिहिण्याजोगं घडलं. अण्णांच्या रायफलचा परवाना माझ्या नावावर झाला आणि रायफल काडतुसांच्या डब्यासकट घरी आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून ती पोलीस ठाण्यात पडून होती. ते जंगलात चौकीदार होते आणि ही रायफल त्यांनी पोटच्या पोरांपेक्षा जास्त सांभाळली. हे मी कौतुकाने लिहीत नाही. लाकडी दस्ता जिथे त्यांच्या गालाला लागायचा तिथे अजून गुळगुळीत आहे. नळी स्वच्छ, चाप ठीक. फक्त बोल्टमधल्या, म्हणजे मागच्या सरकत्या दांड्यातल्या, पिनचं टोक तुटलंय. चाप ओढला की ही पिन पुढे जाऊन काडतुसाच्या बुडावर आपटते. एवढीशी सळी, पण ती धड नसेल तर रायफल म्हणजे नुसती जड काठी. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली, त्यामुळे पिन शोधत फिरावं लागणार.

पण खरी बातमी ही नाही. खरी बातमी अशी की चिरंजीव उठून बाहेर आले! आमचे चिरंजीव एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचे. चांगली नोकरी. एक दिवस भर दुपारी घरी आले, पलंगावर पडले, ते आजतागायत भिंतीकडे तोंड करून पडलेलेच आहेत. साहेब बोलला? नाही. कुणी मुलगी? नाही. खोदून खोदून विचारलं तर म्हणतो, “बाबा, काही झालं नाही. तेच तर आहे.” आता यातून माणसाने काय बोध घ्यायचा!

आज मात्र रायफल टेबलावर ठेवली आणि मागे बघतो तर हा उभा. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, पण उभा. त्याने ती हातात घेतली. वजन बघितलं.

“बाबा, ही चालते?”

“आज नाही चालत. पण मी चालवेन.”

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. इतक्या महिन्यांत त्याने एखाद्या वस्तूकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. मी तेव्हाच ठरवलं. ही रायफल आम्ही बापलेक मिळून दुरुस्त करणार. हाताला काम लागलं की पोरगं ताळ्यावर येईल.

९ जानेवारी

हिने तोंड फुगवलंय. “ती वस्तू घरात नको.” का नको? “नको म्हणजे नको.” मी म्हटलं, परवाना आहे, पोराच्या खोलीत कुलपाचं कपाट आहे, पिन तुटलेली आहे, तुला काय खायला उठतेय का ती? तर म्हणाली, “तुम्हाला काही दिसत नाही.” दिसत नाही म्हणे! केसाएवढा फरक डोळ्यांनी ओळखणारा माणूस मी.

हिचंच वागणं अलीकडे विचित्र झालंय. डॉक्टरांनी पोराला गोळ्या दिल्या आहेत, त्या ही आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवते आणि एकेक त्याच्या हातावर देते. तो गिळेपर्यंत समोर उभी. तो काय पाच वर्षांचा आहे? काल भाजी चिरायला मोठी सुरी शोधली तर घरात एकही सुरी नाही. विचारलं तर म्हणे धार लावायला दिल्या. घरात मी असताना सुऱ्या धार लावायला बाहेर! शेजारी ऐकतील तर काय म्हणतील. वर हिने आपलं अंथरूण त्याच्या दारासमोर घातलंय. खोलीत उकडतं म्हणे. जानेवारीत!

१३ जानेवारी

जुना बाजार पालथा घातला. पितळेचे नळ, घड्याळांचे लंबक, कुणाची तरी कवळीसुद्धा विकायला होती. रायफलची पिन नाही. मग मोठ्या रस्त्यावरच्या शस्त्रांच्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने कंपनीचं नाव ऐकून मान हलवली. “काका, भिंतीवर टांगा की. शोभेला छान दिसेल.” शोभेला! मी त्याला म्हटलं, तुझं दुकानच शोभेचं दिसतंय.

तिथून कोर्टामागच्या बोळात एक म्हातारा आहे असं कळलं. बाहेर पाटी नाही, आत एक दिवा, एक शेगडी, भिंतीवर बिनदस्त्यांच्या बंदुका. डोळ्यात भिंग अडकवून बसलेला. मी बोल्टचं वर्णन केलं तसं न बघताच म्हणाला, “तिसऱ्या बनावटीची असणार. त्यांची पिन तिथेच तुटते.” माणसाला धंदा कळतो हे कबूल करायला हवं. म्हणाला, बोल्ट आणून द्या, जुन्या सामानातून जमवून देतो, फार दिवस लागणार नाहीत.

घरी येऊन सांगितलं, उद्या बोल्ट नेऊन देतो. तर खोलीतून आवाज आला, “मी नेतो.”

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

१४ जानेवारी

गेला! दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि बोल्ट फडक्यात गुंडाळून एकटा गेला. मी गॅलरीतून तो वळणाआड जाईपर्यंत बघत होतो. ही देवापुढे बसली होती. दोन तासांनी आला. “इतका वेळ?” म्हटलं. “बोलत बसलो होतो,” म्हणाला. बोलत! घरात एक शब्द बोलायला याला कष्ट पडतात आणि तिथे त्या म्हाताऱ्याशी बोलत बसला. मला राग यायला हवा होता, पण डोळे भरून आले. लिहून टाकतो, वही काही कुणाला सांगत नाही.

मी हिला म्हटलं, “बघितलंस? ही त्या रायफलची करामत.”  आज जेवताना हिने रेडिओ लावला नाही.

२५ जानेवारी

पिन आली. चिरंजीव स्वतः जाऊन बोल्टसकट घेऊन आले. मी व्हर्नियर लावून माप घेतलं. लांब आहे! सरळसरळ लांब. टर्नरच्या शिकाऊ पोराला कळेल इतकी लांब. असल्या पिनने बोल्ट नीट बंदच होणार नाही.

“परत नेऊन दे आणि सांग म्हाताऱ्याला, भिंग बदल.”

“नेतो,” म्हणाला. मला वाटलं निराश होईल. पण गडी अगदी शांत होता. उलट पोळी जास्त घेतली.

३ फेब्रुवारी

दुसरी पिन. ही बारीक. बोल्टमध्ये खुळखुळते. मी फोन करून बोललो जरा. म्हातारा म्हणाला, “जुन्या मालाचं असंच असतं साहेब, चार ठिकाणांहून मागवावं लागतं. तुम्हाला घाई आहे का?” घाई म्हणजे काय? काम घेतलं की काम द्यायचं असतं. आमच्या कारखान्यात असा माल गेला असता तर फोरमनने तो परत आमच्या पायावर टाकला असता.

चिरंजीव पुन्हा बोल्ट घेऊन गेले. आता एक दिवसाआड जातात. पिनची चौकशी करायला म्हणून जातात आणि संध्याकाळपर्यंत तिथेच. काय करतोस विचारलं तर म्हणे, “ते दस्त्यांना तेल लावायला देतात. मी लावतो.” घरी दहा वेळा सांगितलं की स्टुलाचा पाय हलतोय, जरा ठोक, तर तेवढंही झालं नाही. परक्याकडे मात्र फुकट तेल लावतो.

तरी तब्येत सुधारली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परवा हसलासुद्धा. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, “तुम्ही झोपेत बोलता, बाबा. मापं सांगत होता.”

११ फेब्रुवारी

आज तिसरी. बोल्ट दुकानातच ठेवून नुसती पिन पाठवली. ही आखूड. मी खिडकीपाशी बसून ती नीट बघितली. आखूड आहे, पण काम किती साफ! टोक बरोबर, खांदा बरोबर, कुठे ओरखडा नाही. घाईत किंवा आंधळेपणाने झालेली चूक अशी नसते. बरोबर माप ठाऊक असल्याशिवाय इतक्या बेताने चुकता येत नाही. डोकं चालेनासं झालं. शेवटी निष्कर्ष काढला की म्हातारा मला खेळवतोय. त्याला अण्णांची रायफल हवी आहे. मी कंटाळून ती त्याला देऊन टाकेन, अशी वाट बघतोय. हे असले लोक मी चांगले ओळखून आहे.

हिला सांगितलं तर हिचा चेहरा उजळला. “मग देऊन टाका ना त्यांना.”

“तू त्याला सामील आहेस की काय?” मी चेष्टेत म्हटलं. पण ती अशी बघायला लागली की मलाच शंका आली. गेल्या आठवड्यात ही देवळात जाते म्हणून गेली आणि उशिरा आली, तेव्हा हिच्या चपलेला कोळशाची भुकटी होती. शेगडी त्या बोळातल्या दुकानात आहे. म्हणजे ही तिथे गेली होती! पोरगा रुळावर येतोय आणि आई त्याच्या पायात पाय घालतेय. का, तर हिला बंदुकीची भीती वाटते. मी काही बोललो नाही. बोलून कधी काही झालंय?

१२ फेब्रुवारी

स्वतः जाऊन बोल्ट परत मागितला. म्हाताऱ्याने दिवा बारीक केला, मोठा केला, उगाच हत्यारं इकडची तिकडे ठेवली.

“अजून थोडं थांबा की.”

“पुष्कळ थांबलो.”

“मुलाला विचारलंत का?”

“मुलाला काय विचारायचंय? रायफल माझ्या बापाची, परवाना माझा.”

त्याने फडक्यात बांधून बोल्ट दिला आणि म्हणाला, “याची पिन तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, बरं का.” जाता जाता धमकी!

घरी कुणाला सांगितलं नाही. गंमत करायची ठरवली आहे. पिन विकत मिळत नसेल तर नसू दे. मी काय मेलो आहे का?

१८ फेब्रुवारी

किती दिवसांनी लेथवर उभा राहिलो! माझा जुना जोडीदार, फिटर, गावाबाहेर छोटं वर्कशॉप चालवतो. त्याने कोपऱ्यातल्या मशीनवरचं फडकं काढलं आणि म्हणाला, “घे, तुझी नवरी.”  पहिला तुकडा फुकट गेला, दुसराही. मग कान जागे झाले. धातू नीट कापला जातोय की नाही हे टर्नरला ऐकू येतं, बघावं लागत नाही. ते ऐकू यायला लागल्यावर वय विसरलो. जोडीदार चहा घेऊन आला आणि चहा गार होऊन गेला.

घरी सांगितलंय की पेन्शनच्या कामाला जातो. चिरंजीवांनी दोनदा विचारलं, “बोल्ट काकांकडेच आहे ना?” म्हाताऱ्याला तो काका म्हणतो. हो म्हटलं. थोडं खोटं चालतं चांगल्या कामात. सध्या त्याचं दुकानात जाणं बंद आहे. तापाने अंग मोडलंय म्हणून पडून असतो. बरंच झालं, नाहीतर तिथे गेल्यावर त्याला कळलं असतं आणि माझी गंमत गेली असती.

२२ फेब्रुवारी

झाली. आणि नुसती झाली नाही, अशी झाली की कंपनीवाल्यांनी बघावी. माझ्या हातून याहून चांगला नग निघाल्याचं मला आठवत नाही. टणक केली, घासली, बोल्टमध्ये सोडली तेव्हा ती स्वतःहून जागेवर जाऊन बसली. नियमाप्रमाणे दोन केल्या. आमच्या उस्तादाची शिकवण, एक कामाची, एक हाताशी. एकच नग करणारा टर्नर मी अजून बघितला नाही.

उद्या त्याला दाखवणार.

२३ फेब्रुवारी

जसं ठरवलं होतं तसं झालं नाही. तरी लिहितो.

दुपारी जेवणं झाल्यावर दोघांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. रायफल टेबलावर. बोल्ट चढवला, मागे ओढला, पुढे सारला आणि रिकाम्या रायफलचा चाप ओढला. खट्. काय आवाज होता! स्वच्छ, कोरडा, एकच. अण्णांच्या हातात ऐकला होता तसाच.

मला वाटलं होतं टाळी पडेल. हिच्या हातातली वाटी खाली पडली. पोरगा पांढराफटक झाला.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं म्हणजे? तुझ्या बापाने केलं!”

“काकांनी दिली पिन?”

“काकांच्या बापाला जमणार नाही. मी केली. या हातांनी.”

तो खुर्चीवर बसला. मी म्हटलं, ताप अजून गेला नाही वाटतं. तो म्हणाला, “छान झाली आहे, बाबा. खरंच.” आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला छान म्हणाला. मी जन्मभर ज्याची वाट बघितली ते हेच. मला राहवलं नाही. रायफल त्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली आणून त्याच्या हातावर ठेवली. जबाबदारी दिली की माणूस उभा राहतो, हे मी शिकाऊ पोरांच्या बाबतीत कितीदा बघितलंय.

“आजपासून अण्णांची रायफल तुझ्या ताब्यात.”

“किल्ली तुमच्याकडेच राहू द्या.”

“अरे घे!”

“बाबा, खरंच राहू द्या ना.”

मी त्याची मूठ मिटवली आणि वरून थोपटली. ही एकदम ओरडली, “काढून घ्या ती किल्ली त्याच्याकडून!” इतक्या वर्षांत ही माझ्यावर कधी अशी ओरडली नव्हती. मीही ओरडलो. म्हटलं, पोराला तू लहान ठेवलंस, गोळ्या काय भरवतेस, दाराशी काय झोपतेस, म्हाताऱ्याला जाऊन काय फितवतेस! तर म्हणाली, “मी गेले होते. पण मी काही सांगण्याआधीच तो माणूस म्हणाला, काळजी करू नका, पिन कधीच मिळणार नाही.” याचा अर्थ मला लागला नाही. पोरगा उठून खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मी विचार केला, आज डोकी तापली आहेत, उद्या सगळं निवळेल.

उद्या सकाळी हाताशीची पिन घेऊन म्हाताऱ्याकडे जाणार आहे. त्याच्या त्या भिंगापुढे धरणार आहे.

२६ फेब्रुवारी

परवाचं आज लिहितो आहे. परवा आणि काल लिहिता आलं नाही.

परवा सकाळी मी दुकानात गेलो. पिन म्हाताऱ्याच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, “घ्या. शिका काहीतरी.” त्याने ती उचलली, भिंग लावून फिरवून बघितली आणि त्याचे हात थांबले.

“ही हाताशीची असणार. पहिली कुठे आहे?”

“रायफलमध्ये. आणखी कुठे असणार?”

“मुलगा कुठे आहे?”

“घरी.”

तो उठला. उठताना स्टूल पडलं. “अहो, त्यानेच मला सांगितलं होतं! पहिल्याच दिवशी. बोल्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, काका, ही दुरुस्त होऊ देऊ नका. मला माझाच भरवसा वाटत नाही. बाबांना सांगता येत नाही, ते एवढे खूश आहेत.”

मी म्हटलं, “काय?”

“मी म्हटलं बरं, नाही होऊ देत. तू मात्र येत जा. तो यायचा. तेल लावायचा, बसायचा, बोलायचा. हळूहळू बरं चाललं होतं हो. तुम्ही बोल्ट न्यायला आलात तेव्हाच सांगायला हवं होतं मी. पण त्याला शब्द दिला होता, आणि तुम्ही स्वतः कराल असं कुठे वाटलं होतं? तो म्हणाला होता, बाबांनी लेथ सोडला.”

बाकीचं मी ऐकलं नाही. रिक्षा मिळाली की नाही आठवत नाही. धावलो एवढं आठवतं, आणि आमच्या जिन्यावर पाय घसरून गुडघा फुटला.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्याच्या खोलीत कपाट उघडं, काडतुसांचा डबा पलंगावर उघडा. तो खोलीत नव्हता. मी स्वयंपाकघरात गेलो.

दोघं जमिनीवर बसली होती. रायफल ओट्यावर आडवी होती. हिने त्याची दोन्ही मनगटं धरली होती. तो मान खाली घालून हुंदके देत होता. ही रडत नव्हती. मी आलो तरी तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि हात सोडले नाहीत.

हिने नंतर सांगितलं. मी बाहेर पडल्यावर ती त्याच्या दाराबाहेर बसून होती. आतून कडी होती. ती हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने कडी निघाली आणि तो रायफल घेऊन बाहेर आला. रायफल तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “आई, माझे हात धर.” तेव्हापासून तिने धरले होते. दवाखान्यात नेईपर्यंत तिने एक हात तरी धरून ठेवला होता. रिक्षातसुद्धा. मनगटांवर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

मी रायफल रिकामी केली. ती रिकामी करावी लागली.

२८ फेब्रुवारी

मुलाला दवाखान्यात ठेवून घेतलं आहे. त्या वॉर्डाच्या खिडक्या पूर्ण उघडत नाहीत. भेटायला जाताना पट्टा काढून ठेवावा लागतो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या मुलाच्याच वयाच्या असतील. मी विचारलं, कधी बरा होईल? त्या म्हणाल्या, “आज तो सुरक्षित आहे.” मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

ही तिथेच असते. माझ्याशी बोलते, पण जेवढ्यास तेवढं. रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हातारा येऊन गेला. मुलापाशी बसला होता. मी समोर आलो नाही, औषधाच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

१ मार्च

रायफल ठाण्यात जमा केली. कायमची. परवाना रद्द करायचा अर्जही दिला.

हवालदाराने बोल्ट काढून बघितला. त्याला त्यातलं कळत होतं. “जुनी बनावट आहे. चालू आहे का?”

“चालू आहे.”

त्याने पिन बाहेर काढली, उजेडात धरली. “ही मूळची नाही. नवीन केलेली दिसते. काय सुरेख काम आहे हो! कुणी केलं?”

माझ्या आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारायची खोटी, की उत्तर तयार असायचं. विचारला नाही तरी मी द्यायचो.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

खिशातली दुसरीही काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने विचारलं ही कशाला. मी म्हटलं, तिचीच आहे, ठेवा. बाहेर येऊन ठाण्याच्या पायरीवर बसलो. शिपाई म्हणाला इथे बसायचं नाही, तेव्हा उठलो.

२ मार्च

आज मला एकट्याला आत सोडलं. ही अंघोळीला घरी गेली होती. मला म्हणाली, “नीट लक्ष द्या.” एवढंच, पण माझ्या भरवशावर सोडून गेली.

मुलगा उताणा पडला होता. भिंतीकडे तोंड नव्हतं. गोळ्यांनी जीभ जड झाली आहे, शब्द सावकाश येतात.

“दिली?”

“दिली. सगळं दिलं. दोन्ही पिना.”

“तुम्हाला वाईट वाटलं असेल.”

 मी म्हटलं, “तू मला का नाही सांगितलंस रे?” विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तरी तोंडातून गेलं.

तो छताकडे बघत म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी करायला घेतलं असतं.”

 पलंगाच्या डोक्याकडचा एक स्क्रू सैल होता, पलंग हलला की वाजत होता. माझा हात आपोआप तिकडे गेला.

“बाबा, राहू द्या ते.”

“सैल आहे. मिनिटाचं काम.”

“राहू द्या. नुसते बसा ना.”

मी खुर्ची ओढून बसलो. तो डोळे मिटून पडला. श्वास चालू होता, मी बघत होतो. पलंग मधूनमधून वाजत होता. मी आधी हात मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग खुर्चीखाली धरले. ही परत येईपर्यंत मला हात कुठे ठेवावेत ते कळलं नाही.